सातव्या नावावरचा खिळा

हाजी सोबारीने तारमुजीच्या डोक्यावर पाण्याचा पहिला मग ओतला तेव्हा सगळी गल्ली हसली. हसणाऱ्यांत तारमुजीची बायको युयुनही होती.

निमित्त नळाच्या उद्घाटनाचं होतं. बेकासी शहराच्या पूर्वेला एका अंगाला सूतगिरणीची भिंत, दुसऱ्या अंगाला नव्या बंगल्यांच्या वसाहतीची भिंत, आणि मधे चेपून बसलेली मंगिस गल्ली. बंगले आले, बंगल्यांच्या खोल विहिरी आल्या, आणि गल्लीतल्या विहिरींचं पाणी पिवळं पडलं. भाताला गंजाचा वास यायचा. पांढरा सदरा दोन धुण्यांत चहाच्या रंगाचा व्हायचा. पाच वर्षं शहराच्या कचेरीत अर्ज देऊन झाले. अर्ज लिहायचा तो तारमुजीच, कारण तो गल्लीचा प्रमुख. नूडल्सच्या कारखान्यात भांडारावर कारकून, अक्षर वळणदार, प्रमुखपदाचा रबरी शिक्का कायम खिशात. लोक त्याला नावाने न हाकारता मानाने ‘पाक एर्ते’, म्हणजे प्रमुखसाहेब, म्हणत. पाणी मात्र त्या मानाने काही आलं नाही.

मग चौदा सालची निवडणूक लागली. वाळू-सिमेंटचा व्यापारी हाजी सोबारी नगरसभेसाठी उभा राहिला आणि एका महिन्यात त्याने नमाजघराशेजारी बोअर मारली, मोटार बसवली, टाकी बांधली, चार नळ काढले. टाकीवर स्वतःचा हसरा चेहरा रंगवून घेतला. बदल्यात तारमुजीने शब्द दिला. गल्लीतले मतदार दोनशे एकतीस, त्यातले एकशे ऐंशी तुमचे.

उद्घाटनाला तारमुजी नवा बाटिकचा शर्ट घालून पुढे उभा होता. भाषण पाठ केलेलं होतं. सोबारीने नळ सोडला, हातातला मग भरला आणि लोकांकडे वळून म्हणाला, ‘‘अर्ज लिहून लिहून सुकलाय हो बिचारा! आधी यालाच भिजवू!’’

आणि ओतला. पाणी कॉलरमधून पाठीवर, पाठीवरून चड्डीत गेलं. भाषणाचा कागद हातात लगदा झाला. तारमुजीही हसला, कारण दुसरं काय करणार? पण कोणीतरी फोटो काढला होता, आणि पंधरा दिवसांनी सोबारीचं प्रचाराचं कॅलेंडर घरोघर आलं तेव्हा त्यावर तोच फोटो होता. सोबारी हातातला मग उंचावून हसतोय आणि खाली तारमुजी, डोळे मिटलेला, तोंड उघडं, भिजल्या मांजरासारखा. गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर ते कॅलेंडर लागलं. तारमुजीच्या स्वतःच्या घरातही. युयुन म्हणाली, ‘‘राहू दे ना, तारखा मोठ्या आहेत.’’

मतदानाचं केंद्र बॅडमिंटनच्या मैदानावर होतं. मंडप घातला होता, पुठ्ठ्याचे आडोसे उभे केले होते, आणि केंद्रप्रमुख होता तारमुजी. नगरसभेची मतपत्रिका उघडली की पलंगपोसाएवढी व्हायची. तिच्यावर फोटो नाहीत, नुसती पक्षांची चिन्हं आणि खाली नावांच्या रांगा. ज्याला मत द्यायचं त्याच्या नावावर खिळ्याने भोक पाडायचं. हाजी सोबारी ज्या पक्षाचा, त्याच पक्षाच्या यादीत त्याचं नाव चौथं होतं आणि सातवं नाव होतं पलीकडच्या बंगल्यांत राहणाऱ्या एका नोटरीबाईचं. पक्ष एकच, पण ज्याच्या नावावर भोकं जास्त तोच सभागृहात जाणार.

तारमुजीने सकाळी सात वाजता सगळ्यांच्या आधी मत दिलं. आडोशाआड खिळा उचलला, चौथ्या नावावर टेकवला. मग त्याला आपल्या पाठीवरून ओघळणारं ते गार पाणी आठवलं. खिळा तीन ओळी खाली सरकला आणि कागदातून आरपार गेला. भोक पाडल्याचा बारीकसा आवाज झाला, टच्. बाहेर येऊन त्याने बोट शाईत बुडवलं. त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. एक मत. एका मताने हाजीचं काय बिघडतंय?

दहाच्या सुमाराला न्याक रोगाया आली. न्याक म्हणजे आई, आणि ती गल्लीची आईच होती. चाळीस वर्षं तिने गल्लीतल्या पोरांना कुराणाची अक्षरं शिकवली. तारमुजीलाही तिनेच शिकवलं होतं, कान पिळून. आता साखरेच्या आजाराने तिचे दोन्ही डोळे गेले होते. तिची मुलगी कोमारिया तिला मंडपापर्यंत घेऊन आली. नवरा टाकून गेल्यापासून कोमारिया लोकांचे कपडे धुऊन दोघींचं पोट भरायची.

‘‘आत सोबत कोण येणार, न्याक? मुलगीच ना?’’ नोंदवहीवरच्या माणसाने विचारलं.

‘‘कोमारियाला कसलं एवढं बारीक वाचता येतंय! ती दुसरीतून पळालेली. मुजीला बोलवा. त्याला वाचायला मीच शिकवलंय, चुकला तर माझंच नाव जाईल.’’

लोक हसले. आंधळ्याच्या सोबत्याला एक कागद सही करून द्यावा लागतो: मतदाराने काय केलं ते कुणाला सांगणार नाही. तारमुजीने वळणदार सही केली आणि म्हातारीला आडोशाआड नेलं.

‘‘पाणीवाल्याचं कितवं रे?’’ ती कुजबुजली.

‘‘चौथं, न्याक.’’

‘‘मग चौथ्यावर ने माझा हात. गोड पाणी पाजलंन् माणसानं. परवा कोमीनं माझी नमाजाची पांढरी ओढणी धुतली, म्हणते, आई, पांढरी राहिली गं.’’

तारमुजीने तिच्या मुठीत खिळा दिला, मूठ आपल्या मुठीत घेतली. चौथ्या नावावर आणली. आणि तशीच खाली नेली. टच्.

हे त्याने का केलं ते त्याला पुढे कधीच धड सांगता आलं नाही. स्वतःचं मत रागाने गेलं होतं. पण या वेळी राग नव्हता; सकाळचा तो गारवा पुन्हा एकदा हवा होता, एवढंच. पिकल्या फणसाचा एक गरा खाल्ला की दुसऱ्याकडे हात आपोआप जातो तसा हात गेला.

‘‘झालं?’’ म्हातारीने विचारलं.

‘‘झालं, न्याक.’’

मोजणी तिथेच मैदानावर, सगळ्यांच्या देखत. एकेक पत्रिका उघडायची, उजेडाकडे धरायची आणि भोक ज्या नावावर असेल ते मोठ्याने पुकारायचं. पुकारणारा तारमुजी. देशाच्या आणि प्रांताच्या पेट्या झाल्यावर नगरसभेची पेटी शेवटी उघडली तेव्हा दिवस कलला होता. सोबारीचा माणूस खुर्चीत पाय पसरून बसला होता, हातात लवंगेची सिगरेट.

‘‘सात.’’

‘‘चार.’’

‘‘सात.’’

‘‘सात.’’

‘‘दुसरा पक्ष.’’

‘‘सात.’’

हळूहळू त्या माणसाचे पाय आखडले. मग तो उठून उभा राहिला. तारमुजीला पुकारता पुकारता घाम फुटला. त्याला वाटलं होतं, आपण एकटे आहोत. पण हे काय? इथे तर घराघरात कोणीतरी आडोशाआड जाऊन आपला आपला हिशेब चुकता करून आला होता. कुणाला सोबारीने उधारीवर सिमेंट नाकारलं होतं, कुणाच्या भावाला ट्रकवरून काढलं होतं, कुणाला ती कॅलेंडरवरची बत्तिशी रोज सकाळी बघून वीट आला होता. प्रत्येकाने हेच म्हटलं असणार: माझ्या एकट्याने काय होतंय?

नोटरीबाई चौऱ्याहत्तर. हाजी सोबारी एकसष्ट. बाकीची मतं इतर पक्षांत फुटली.

अख्ख्या विभागाची बेरीज होऊन आली तेव्हा कळलं, सोबारी नोटरीबाईंच्या मागे राहिला होता फक्त अकरा मतांनी.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी ट्रक आला. आठ हमाल उतरले. त्यांनी मोटार उपसली, पाइप ओढून काढले, नळ पिळून काढले. बोअरमध्ये खडी ओतली आणि वर ओलं सिमेंट. सिमेंटला काय तोटा, त्याचंच होतं. बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या त्या तशाच बघत राहिल्या. सोबारी गाडीतून उतरलाच नाही. काच खाली करून बोलला.

‘‘दोनशेतल्या एकसष्टांनी माझं मीठ खाल्लं नि त्याला जागले. त्यांना सलाम. उरलेले कोण ते तुम्ही शोधा. ज्या दिवशी तुमच्यातला गद्दार या गल्लीतून बिऱ्हाड उचलेल, त्या दिवशी मोटार परत आणतो. हाजीचा शब्द आहे.’’ मग त्याची नजर तारमुजीवर आली. ‘‘तुझा राग नाही रे. तू बिचारं भिजलेलं मांजर, तू काय गद्दारी करणार!’’

पुन्हा लोक हसले. समोर नळ उखडलेले असतानाही हसले.

त्या दुपारी युयुन भात वाढताना म्हणाली, ‘‘एक सांगू? मी नाही मारलं चारवर.’’

‘‘काय?’’

‘‘हाजीची बायको मला म्हणाली, सगळ्यांसमोर हं, की आमच्याकडे भांडी घासायला येते तिची तू बहीण का गं? मग मी मारला सातवर. मारला जाऊन!’’

तारमुजीने ताट भिंतीवर फेकलं. ‘‘तुझ्यामुळे! तुझ्यासारख्या बायांमुळे गल्लीचं पाणी गेलं!’’ असं ओरडताना त्याचा आवाज चिरकला, डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. तो ढोंग करत नव्हता. आपण काय केलं होतं ते त्या घटकेला तो साफ विसरला होता. युयुन भिंतीवरचा भात खरवडत बसली आणि त्यानंतर तिने हा विषय काढला नाही.

संध्याकाळी नमाजघरात सभा भरली. पुढाकार मामतचा. मामत भाड्याने मोटारसायकल चालवायचा, आवाज मोठा, अक्कल बेताची. त्याने ठरवलं की एकेकाने कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायची. कुराण धरून उभा कोण राहिला? तारमुजी. धरणाऱ्याची शपथ कोण घेणार? त्याला कोणी विचारलंच नाही. एकेक जण येऊन हात ठेवत होता: ‘‘अल्लाची शपथ, मी चारवर मारलं.’’ मामतनेही घेतली, युयुननेही घेतली, नजर न वळवता. मतं पडली होती एकसष्ट आणि शपथा झाल्या एकशे अठ्ठ्याण्णव. ही बेरीज कुणाच्या लक्षात आली नाही असं नाही. पण जो बोलेल त्याच्याकडेच बोट वळणार, म्हणून सगळे गप्प.

शेवटी मामतच बोलला, ‘‘आपल्यात कोण आहे जो नोटरीबाईचं अन्न खातो?’’

सगळ्यांच्या माना कोमारियाकडे वळल्या. नोटरीबाईंच्या घरचे कपडे तीच धुवायची.

‘‘अन्न कसलं? धुणं धुते मी त्यांचं!’’ कोमारिया उसळली. ‘‘आणि गोड पाण्याची गरज या गल्लीत मला नाही तर कुणाला? पिवळ्या पाण्यात धुतलेले कपडे कोण घेतं? मी माझ्याच पोटावर पाय आणीन?’’

‘‘बाईनं आधीच बोरिंग देऊ केली असेल हिला. चोरून.’’

‘‘तरीच ईदला नवा केबाया होता अंगावर, जाळीचा झगा.’’

‘‘तिनं टाकलेला होता तो! जुना!’’

‘‘बघा, कबूल केलंन्. तिचे कपडे अंगावर घालते.’’

असं बोलणं एकदा उताराला लागलं की त्याला कोण धरणार. म्हातारी रोगाया कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती काठी टेकून उठली. गल्ली अजून तरी तिच्यासमोर गप्प व्हायची, तशी झाली.

‘‘लेकरांनो, कोमीचं कोमीला ठाऊक. माझं मी सांगते. मी पाणीवाल्याला दिलं. माझा हात कुणी धरला होता? मुजीनं. तो इथंच उभा आहे, त्याच्या हातात अल्लाचं पुस्तक आहे. विचारा त्याला.’’

आता सगळे त्याच्याकडे बघत होते. तारमुजीच्या हातातलं पुस्तक एकाएकी जड झालं. खोटं बोलून ‘हो, चारवर’ म्हणायला किती वेळ लागला असता? दोन शब्द. म्हातारी सुटली असती, कदाचित लेकही सुटली असती. पण मग गद्दार कोण, हा शोध पुढे चालू राहिला असता. एका घराकडून दुसऱ्या घराकडे, आणि हिंडत हिंडत कधीतरी केंद्रप्रमुखाच्या दारात. त्याने घसा साफ केला.

‘‘मी सही केलेली आहे. आडोशाआड काय झालं ते बोलायला कायद्यानं बंदी आहे. मला विचारू नका.’’

 मग मामत सावकाश म्हणाला, ‘‘म्हणजे चारवर असतं तर पाक एर्तेंनी सांगितलंच असतं की.’’

‘‘मुजी!’’ म्हातारी म्हणाली.

त्याने पुस्तक कापडात गुंडाळायला घेतलं. गाठ काही केल्या बसेना.

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात झाली. विकतच्या पाण्याची हातगाडी गल्लीत यायची, ती कोमारियाच्या दारात थांबेनाशी झाली. थांबलास तर आमच्याकडे येऊ नकोस, असं गाडीवाल्याला बायकांनी बजावलं होतं. नमाजघरामागच्या जुन्या विहिरीचं पाणी त्यातल्या त्यात बरं. कोमारिया बादली घेऊन आली की पोहऱ्याचा दोर कोणीतरी घरी नेलेला असायचा. कुणाच्या घरी दुवा-जेवण झालं की केळीच्या पानातला वाटा दारोदार जातो, तो त्या एका दाराला वगळून पुढे जाऊ लागला. वाळत घातलेल्या नोटरीबाईंच्या चादरींवर एका सकाळी कोळशाने ‘७’ काढलेला सापडला. चादरी गेल्या आणि त्यांच्यामागून धुण्याचं कामही गेलं. ज्या बाईच्या नावाने हे सगळं चाललं होतं तिने निरोप धाडला की, तुमच्या भांडणात माझे कपडे नकोत.

तारमुजी यातलं काहीच करत नव्हता. तो फक्त काही म्हणत नव्हता. लोक मात्र त्याला पूर्वीपेक्षा मान द्यायला लागले. वाटेत थांबून विचारायचे, सल्ला मागायचे. कायदा पाळणारा माणूस!

न्याक रोगायाच्या दारापासून नमाजघराच्या पायरीपर्यंत एक दोरी बांधलेली होती. तिचे डोळे गेले त्या वर्षी गल्लीनेच बांधून दिली होती, कमरेएवढ्या उंचीवर. दोरी चाचपत ती पहाटेच्या नमाजाला एकटी जायची. आता नमाजघरात बायका तिच्यापासून हातभर सरकून बसायच्या. पण ती जायचीच.

त्या दिवशी पहाटे तारमुजी तोंड धुवायला ओसरीवर आला. अजान व्हायची होती, पण गिरणीच्या दिव्याच्या उजेडात दिसत होतं. दोरी नेहमीच्या जागी नव्हती. तिचं पलीकडचं टोक नमाजघराच्या खांबावरून सोडवून कोणीतरी सूतगिरणीच्या उघड्या गटारापाशी, लोखंडी कांबीला बांधलं होतं. पक्की गाठ. तारमुजी ब्रश तोंडात धरून बघत राहिला. चार पावलं गेलं की गाठ सोडता आली असती. पण सोडताना कुणी पाहिलं तर? पाक एर्ते त्यांच्या बाजूचे का, असं कुणी म्हटलं तर? बांधली तशी कोणीतरी सोडेलही, त्याने स्वतःला समजावलं. गंमत करायची असेल पोरासोरांना. तो आत गेला आणि त्याने चूळ भरली. चूळ भरताना त्याने खळखळाट मुद्दाम मोठा केला.

तरी ऐकू आलंच. आधी काठीचा आवाज, मग काही नाही, मग कोमारियाची किंकाळी.

म्हातारीच्या खुब्याचं हाड मोडलं. काळ्या चिखलातून तिला वर काढायला गल्लीतले चौघे धावले, त्यात मामतही होता. बाहेर काढून पाण्याने धुवायची वेळ आली तेव्हा तिला धुवायला पाणी नव्हतं. शेवटी कोणीतरी पिवळी बादली आणली.

तीन दिवसांनी तारमुजी तिला बघायला गेला. प्रमुखाने जायला हवं, म्हणून. कोमारिया औषधाला गेली होती. म्हातारी चटईवर पडून होती, चेहरा मुठीएवढा झालेला. पायरव ऐकून म्हणाली, ‘‘मुजी ना? तुझी चाल ओळखते मी. लहानपणापासून टाच घासत चालतोस.’’

‘‘कसं वाटतंय, न्याक?’’

‘‘खिळा खाली गेला होता रे.’’

तो दारातच थांबला.

‘‘आंधळी आहे, पण हात मेला नाही माझा. तू एकदा थांबलास. मग चार बोटं खाली गेलास. मी म्हटलं, कागद मोठा आहे, मुजीला दिसतंय, मला नाही.’’

‘‘मग… त्या दिवशी नमाजघरात का नाही बोललीस?’’

‘‘तू बोलशील म्हणून थांबले.’’ तिने मान वळवली. ‘‘आजही थांबलेय.’’

तारमुजीच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा: ‘‘कोमारियाला सांगितलंस?’’

‘‘नाही. सांगितलं तर ती कोयता घेऊन येईल तुझ्या दारात. मग तिला तुरुंगात भाकरी कोण देणार?’’

त्याचा जीव भांड्यात पडला. आपला जीव भांड्यात पडला याची त्याला लाज वाटली, नाही असं नाही. पण आधी जीव पडला, लाज मागून आली. सोबत आणलेली केळ्यांची फणी त्याने उशाशी ठेवली.

‘‘ही घेऊन जा,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘कुणी बघितलं तर तुझी पंचाईत.’’

आणि तो ती खरंच घेऊन गेला.

आठवड्याने कोमारिया त्याच्या घरी आली. कारावांगला तिच्या मावसभावाकडे जायचं ठरलं होतं. बिऱ्हाड हलवायचं तर गल्लीप्रमुखाचं पत्र लागतं, त्याशिवाय पुढच्या गावी नाव चढत नाही. तारमुजीने छापील कागद काढला. नावं लिहिली, वयं लिहिली. ‘स्थलांतराचं कारण’ या ओळीपाशी पेन थांबलं.

‘‘काय लिहू?’’

कोमारिया उभीच होती. युयुनने तिला बस म्हटलं नव्हतं. ‘‘तुम्हाला काय वाटतं ते लिहा, पाक एर्ते. वाचता तुम्हालाच येतं.’’

त्याने लिहिलं: ‘कौटुंबिक’. शिक्का मारला. शाई फिकी उठली म्हणून पुन्हा मारला.

सामान एका छोट्या टेम्पोत मावलं. म्हातारीला चटईसकट उचलून मागे ठेवलं. गल्लीतली सगळी दारं बंद होती आणि सगळ्या दारांना फटी होत्या. टेम्पो वळून गेला तसा मामत बाहेर आला आणि हात झाडत म्हणाला, ‘‘चला! आता हाजीकडे.’’

त्याच दुपारी पाच जण गेले. मामत, आणखी तिघे आणि पुढे तारमुजी. वखारीमागे सोबारीची मासळीची तळी होती. हाजी बनियनवर काठावर बसून गुरामी माशांना कोंडा टाकत होता. तळ्याच्या कोपऱ्यात मोटार घरघरत होती आणि पाण्याची जाड धार उंचावरून तळ्यात पडत होती. मोटारीवर निळा रंग होता. गल्लीच्या नळावरच्या मोटारीचाही तोच होता. नमाजघराच्या रंगातला उरलेला मामतनेच दिला होता तो.

‘‘पाक हाजी,’’ तारमुजी म्हणाला, ‘‘ते घर गेलं. गल्ली साफ झाली.’’

‘‘कुठलं घर?’’

‘‘गद्दाराचं. तुम्ही म्हणाला होतात, की बिऱ्हाड उचललं की मोटार…’’

सोबारीने कोंड्याची मूठ तळ्यात टाकली. माशांनी पाणी घुसळून काढलं. ‘‘कोण होतं?’’

‘‘रोगाया. आणि तिची मुलगी.’’

‘‘कुराण शिकवायची ती? आंधळी?’’ सोबारी त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं. पोट धरून, खोकला येईपर्यंत हसला. ‘‘शंभर-सव्वाशे जणांनी मला बुडवलं, आणि तुम्ही एका आंधळ्या म्हातारीला हाकललंत? अरे, रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो! त्यावर कोणी बिऱ्हाडं उठवतं का?’’ त्याने डोळे पुसले. ‘‘मोटार आता कामाला लागलीय. मासे मरतील बंद केली तर. जा. चहा पिऊन जा हवं तर.’’

त्यांनी चहा घेतला नाही. ते शेअर टेम्पोने परतले. गल्लीच्या तोंडाशी लोक जमलेच होते, बायका घागरी घेऊनच उभ्या होत्या. पाचही जणांचे चेहरे बघून त्यांना कळलं. घागरी खाली ठेवल्याचे आवाज झाले, एकापाठोपाठ एक.

 मग मामत, तो मोठ्या आवाजाचा मामत, अगदी हळू म्हणाला, ‘‘पाक एर्ते. आता ती गेली. आता कायदा-बियदा राहू दे. खरं सांगा. म्हातारीनं कुठं मारलं होतं?’’

तारमुजीने वर बघितलं. दोनशे डोळे होते. त्यांत राग नव्हता, चौकशीही नव्हती. भीती होती. जत्रेत हरवलेल्या मुलाच्या डोळ्यांत असते तशी. युयुन दारात उभी होती, कमरेला गुंडाळलेल्या सारोंगच्या टोकाला पीळ देत. यांना काय हवंय ते त्याला लख्ख कळलं. आणि ते देणं त्याच्या हातात होतं.

‘‘सातवर,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्या डोळ्यांनी पाहिलं. खिळा सातव्या नावातून आरपार गेला होता.’’

गर्दीतून एक लांब सुस्कारा गेला.

‘‘बघा! मी काय म्हणत होतो!’’ मामतचा आवाज परत आला. ‘‘कुराण शिकवायची म्हणे!’’

‘‘मला तर पहिल्या दिवसापासून वाटत होतं.’’

‘‘आणि कशी शपथ घ्यायला निघाली होती, बाई बाई!’’

बायकांनी घागरी उचलल्या, जुन्या विहिरीकडे निघाल्या. कोणीतरी तारमुजीसाठी घरातून खुर्ची आणली. दिवसभराची दगदग झाली होती. तो बसला.